चिंगीचं बाळंतपण

रुक्माबाईंचा फोन आला तेव्हा अलका नुकतीच शाळेतून घरी आली होती. आईचा आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता. घरात दुसरं कोणी ऐकू नये अशा बेतानं त्या बोलत होत्या. आधी त्यांनी नातीची, पिंकीची चौकशी केली, जावयांची केली, तिरोड्यात ऊन कसं आहे ते विचारलं. मग म्हणाल्या, “अलका, तुले सांगाची लाज वाटून राहिली. चिंगी पोटुशी आहे.”

चिंगी म्हणजे त्यांची पांढरी पामेरियन कुत्री. भाजीच्या पिशवीत मावेल एवढी. अलकाचे वडील वारल्यानंतर आई दिवसदिवस बोलत नाही म्हणून धाकट्या भावानं, रत्नपालनं, ती आणून दिली होती. तेव्हापासून गोंदियाच्या त्या दोन खोल्यांच्या घरात चिंगी रुक्माबाईंच्या पायाशी झोपायची, त्यांच्या मागं नळावर जायची, आणि त्या बुद्धविहारात गेल्या की परत येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहायची.

“कसं काय?” अलकानं विचारलं.

रुक्माबाई म्हणाल्या, की एखाद्या दुपारी डोळा लागला असेल आणि अंगणाचं फाटक उघडं राहिलं असेल. गल्लीतला भुरा कुत्रा चिंगी माजावर होती त्या दिवसांत सारखा फाटकाशी घोटाळत होता. त्याला रोज उरलेला भात त्याच घालायच्या, म्हणून तो आत शिरायला घाबरला नसेल. रत्नपालला विचारलं, तर तो म्हणाला, मी फाटक नेहमी लावूनच जातो. म्हणजे चूक आपलीच, दुसऱ्या कोणाची नाही. जनावराला काय कळतं, राखायचं काम माणसाचं होतं.

अलका म्हणाली, होतं असं, तू मनाला लावून घेऊ नको. फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ ओट्याशी उभी राहिली. चिंगीला दिवस गेलेत हे तिला आईच्या आधीच कळलं होतं. बाप कोण, हेही माहीत होतं.

अलका तिरोड्यातल्या एका खाजगी शाळेत लहान मुलांना शिकवायची. नवरा लोकेश वीज प्रकल्पात एका ठेकेदाराकडं सुपरवायझर होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी नव्या कॉलनीत घर घेतलं. समोरच्या रुचिकाचा नवरा मोठ्या हुद्द्यावर होता, आणि दिवाळीत तिच्याकडं नागपूरहून एक पिल्लू आलं. हस्की, म्हणजे थंड मुलखातला मोठा कुत्रा, आणि पामेरियन यांचं मिश्रण. पॉम्स्की म्हणतात, असं रुचिकानं सगळ्यांना सांगितलं. तोंड लांडग्याचं, अंग खेळण्याएवढं, डोळे निळे. संध्याकाळी ती त्याला फिरवायला निघाली की कॉलनीतली पोरं मागं धावायची. लोक गाडी थांबवून फोटो काढायचे.

पिंकीनं हट्ट धरला. पण खरं सांगायचं तर पिंकीचा हट्ट चार दिवसांत विरला असता. तो अलकानंच धरून ठेवला. रुचिकानं एकदा सहज म्हटलं होतं, “भाभी, ये सब आप लोगों से नहीं होगा, बहुत खर्चा है,” आणि ते ‘आप लोगों’ अलकाच्या मनात रुतून बसलं होतं. रुचिका खर्चाबद्दल बोलली होती की आणखी कशाबद्दल, हे अलकानं कधी विचारलं नाही. आयुष्यभर असल्या शब्दांचा अर्थ न विचारताच कळायची तिला सवय होती. नागपूरच्या पिल्लाची किंमत ऐकून लोकेशनं हात जोडले. तेव्हा तिनं रत्नपालला फोन लावला.

रत्नपालचं गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ताईनं काही मागितलं आणि त्यानं नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं. त्याच्या ओळखीत धर्मेंद्र नावाचा एक जण होता. कुत्र्यांचं खाद्य, पट्टे, साखळ्या विकायचा, आणि एका राइस मिलवाल्याचा हस्की नर त्यानं सांभाळायला घेतला होता. तो हस्की दिवसभर कूलरसमोर जीभ काढून पडलेला असायचा. धर्मेंद्र म्हणाला, विकत कशाला घेता, घरची मादी आहे ना? नराचं बीज इंजेक्शननं सोडलं की काम होतं, कोणाला त्रास नाही. एक पिल्लू तुमच्या ताईला, बाकीची आपण देऊ.

अलकानं फोनवर एकदा विचारलं होतं. चिंगी फार लहान आहे, तिला काही होणार तर नाही? रत्नपालनं तोच प्रश्न धर्मेंद्रला केला. खरं तर मादी मोठी आणि नर लहान घ्यायचा असतो, धर्मेंद्र म्हणाला, पण पिल्लं आईच्या मापानंच वाढतात, घाबरायचं कारण नाही. हे उत्तर अलकाला हवं तसंच होतं, म्हणून तिनं पुढं काही विचारलं नाही.

प्रश्न होता रुक्माबाईंचा. त्यांनी कधीच होकार दिला नसता. म्हणून अलकानं त्यांना पिंकीच्या शाळेच्या गॅदरिंगला तिरोड्याला बोलावून घेतलं. कुत्रीला गाडीत आणू नको, लोक कुरकुर करतात, रतन राहील तिच्याजवळ, असं तिनंच आईला पटवलं. रुक्माबाई दोन दिवस राहिल्या. नातीचा नाच पाहून त्यांनी डोळे पुसले. त्याच दोन दिवसांत रत्नपालनं चिंगीला धर्मेंद्रकडं नेऊन आणलं. लोकेशला हे माहीत होतं. पिंकीलाही, कारण तिला आनंदाची बातमी दिल्याशिवाय अलकाला राहवलं नाही. आजीला सांगायचं नाही, सरप्राइज आहे, असं तिनं मुलीला बजावलं.

आईचा तो फोन येईपर्यंत अलकाला हे सगळं गमतीचंच वाटत होतं. पिल्लं झाली की आईला सांगू, ती थोडी रागावेल, मग पिल्लं पाहून हसेल.

पुढच्या रविवारी ती गोंदियाला गेली, तर अंगणाच्या फाटकाला आतून तार गुंडाळलेली. रुक्माबाईंनी ती सोडवून लेकीला आत घेतलं आणि पुन्हा पिळून बांधली. त्या विहारात जायच्या बंद झाल्या होत्या. बायकांनी विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगायच्या. चिंगीचं पोट जमिनीला टेकायला आलं होतं. ती दोन पावलं चालायची आणि बसायची. रुक्माबाई तिच्यासाठी अंडं उकडून ठेवायच्या. स्वतःचं दूध तिला द्यायच्या आणि काळा चहा प्यायच्या.

भुरा कुत्रा फाटकाशी आला. अलकाच्या देखत रुक्माबाईंनी विटेचा तुकडा उचलून त्याला हाणला. तो त्याच्या पाठीत बसला. कुत्रा केकाटत पळाला. त्या परत येऊन बाजेवर बसल्या. “त्याले तरी काय मारून फायदा,” त्या म्हणाल्या. “मीच झोपली होती.” मग चिंगीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, “माफ कर मले.”

खरं काय ते अलकाच्या ओठांवर आलं होतं. पण रत्नपाल दारात उभा होता, त्यानं मान हलवली. नंतर बाहेर तो म्हणाला, आता सांगितलं तर ती जेवण सोडेल, थोडेच दिवस राहिलेत. अलकानं ते मानलं. परतीच्या गाडीत ती स्वतःला समजावत राहिली, की आपण आईच्या भल्यासाठीच गप्प आहोत.

एप्रिलच्या एका दुपारी रत्नपालचा फोन आला. चिंगीला सकाळपासून कळा येत होत्या आणि काहीच होत नव्हतं. धर्मेंद्रला विचारलं, तर तो थांबा, थांबा म्हणत राहिला आणि नंतर फोन उचलेना. अलका आणि लोकेश मोटारसायकलवर निघाले. ते पोचले तेव्हा रत्नपाल आईला आणि चिंगीला एका खाजगी जनावरांच्या डॉक्टरकडं घेऊन आला होता. रुक्माबाईंनी चिंगीला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. लुगडं भिजलं होतं. चिंगी आता ओरडतही नव्हती, नुसती डोळे उघडे ठेवून धापा टाकत होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी तपासलं, एक्स-रे फोटो काढला, आणि तो उजेडाकडं धरून पाहिला. पिल्लाचं डोकं अडकलं होतं. ते या कुत्रीच्या हाडांमधून बाहेर येणं शक्यच नव्हतं. “एवढ्या लहान मादीला एवढं मोठं पिल्लू?” ते म्हणाले. “नर कोणता होता?”

खोलीत पाच माणसं होती. अलकानं रत्नपालकडं पाहिलं. रत्नपाल मोबाइल हातात घेऊन खाली बघत होता. लोकेश दाराकडं सरकला.

“गल्लीतला होता साहेब,” रुक्माबाई म्हणाल्या. “फाटक माह्या हातून उघडं राहिलं.”

डॉक्टर वैतागलेच. “आजी, पाळायचं तर लक्ष ठेवावं लागतं. तुमच्या एका चुकीनं हिचा जीव जाईल.”

“हो साहेब,” रुक्माबाई म्हणाल्या. त्यांनी मान खाली घातली होती. चार-चौघांत कोणी बोललं तर फटकन उलटं उत्तर देणारी बाई. बिड्यांच्या कारखान्यात मुकादमाशी भांडून बायकांची मजुरी सोडवून आणणारी. ती लेकाच्या वयाच्या माणसापुढं हो साहेब, हो साहेब म्हणत उभी होती. अलका हातभर अंतरावर होती. तोंड उघडायला फार काही लागलं नसतं. तिनं ते उघडलं नाही.

ऑपरेशन झालं. तीन पिल्लं निघाली. अडकलेलं मेलेलंच होतं, दुसरं थोडं हललं आणि गेलं. तिसरं जगलं. चिंगीची गर्भपिशवी काढावी लागली. रक्त फार गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही. मेलेली पिल्लं एका ट्रेमध्ये होती, चिंगीच्या मानानं फारच मोठी. रुक्माबाईंनी ती पाहिली. भुऱ्या कुत्र्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. करडा रंग, जाड अंग, तोंडावर पांढरा मुखवटा. त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

चिंगी वाचली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला घरी आणलं. अलका सुट्टी घेऊन तिथंच राहिली होती. जगलेल्या पिल्लाला चिंगी जवळ येऊ देत नव्हती, म्हणून अलका त्याला ड्रॉपरनं दूध पाजत होती. रुक्माबाई बाजेवर बसून कोमट पाण्यात कापूस बुडवून चिंगीच्या टाक्यांभोवतीचं वाळलेलं रक्त पुसत होत्या. रत्नपाल दुकानात गेला होता.

“माय,” अलका म्हणाली, “फाटक उघडं नव्हतं.”

रुक्माबाईंचा हात चालूच राहिला. अलकानं सगळं सांगितलं. रुचिकाचं कुत्रं, धर्मेंद्र, हस्की, गॅदरिंग. सांगताना तिला कळत होतं, की आपण मध्येमध्ये पिंकीचं नाव घेतोय, धर्मेंद्रचं घेतोय, आणि प्रत्येक नावामागं थोडं थोडं लपतोय. शेवटी ती म्हणाली, मीच सांगितलं होतं रतनला. माझ्यासाठी केलं त्यानं.

रुक्माबाईंनी कापूस पाण्यात टाकला. पाणी तांबूस झालं.

“जावयाले मालूम होतं?”

“हो.”

“पोरीले?”

अलकानं मान हलवली.

“म्हंजे मलेच तेवढं मालूम नव्हतं.” त्या चिंगीकडं पाहत होत्या. “मी तिची रोज माफी मांगत होती. तू पाह्यलं ना? तुह्यापुढं मांगली.”

“पाह्यलं, माय.”

“त्या डॉक्टरपुढं काऊन नाई बोलली?”

“हिंमत नाई झाली.”

रुक्माबाई रागावल्या असत्या तर अलकाला सोपं गेलं असतं. त्यांनी तांबूस पाणी मोरीत ओतलं, भांडं घासलं, हात पुसले. मग रात्रीचा भात एका ताटलीत काढून घेतला, फाटकाची तार सोडली आणि गल्लीत गेल्या. अलका दारातून पाहत होती. भुरा कुत्रा टोकाला एका हातगाडीच्या सावलीत पडला होता. आई येताना दिसताच तो उठला आणि शेपूट पोटात घालून निघून गेला. रुक्माबाईंनी ताटली तिथंच ठेवली आणि थोडं लांब जाऊन उभ्या राहिल्या. तो आला नाही.

संध्याकाळी रत्नपाल आला तेव्हा त्यांनी त्यालाही काही विचारलं नाही. जेवायला वाढलं. तो ताटावर बसून रडला. त्या दुसऱ्या खोलीत चिंगीजवळ जाऊन बसल्या. निघताना अलकानं विचारलं, पिल्लाचं काय करू. रुक्माबाई म्हणाल्या, “तुह्यासाठी झालं, तू ने. त्याची काही चूक नाई. त्याले चांगलं ठेव.”

आठवडाभरात अलका पुन्हा त्या डॉक्टरकडं गेली. पिल्लाला काही तपासायचं नव्हतं. तिनं उभ्याउभ्याच सांगितलं, की त्या दिवशी आजीची चूक नव्हती, मी आणि माझ्या भावानं ठरवून केलं होतं. डॉक्टर एका बकरीला सलाइन लावत होते. त्यांना कोणती आजी हे आठवायलाच वेळ लागला. आठवल्यावर त्यांनी अलकाकडं नीट पाहिलं आणि म्हणाले, मग हे त्यांच्यासमोर बोलायला पाहिजे होतं ना. अलका हो म्हणाली आणि बाहेर आली.

पिल्लू वाढलं. डोळे उघडले तेव्हा निळसर होते. नंतर तपकिरी झाले. पिंकी थोडी खट्टू झाली, मग विसरली. पिल्लाची दोन भावंडं जन्मतानाच मेली हे तिला सांगितल्यावर ती त्याला रात्री कुशीत घेऊन झोपू लागली. अलकानं हाकलून पाहिलं, मग सोडून दिलं. मे महिन्यात पिल्लू फरशीवर चारी पाय पसरून ओल्या पोत्यावर पडायचं. लोकेशनं त्याच्यासाठी कूलर सरकवून दिला. तो त्या पिल्लाशी फार प्रेमानं वागायचा, आणि रुक्माबाईंचा विषय निघाला की बाहेर जायचा.

कॉलनीत पिल्लाचं कौतुक झालंच. रुचिका आली, तिनं त्याला उचलून घेतलं, कुठून आणलं म्हणून विचारलं. बरोबर आणखी दोघी होत्या. अलकानं चहा केला आणि सगळं सांगितलं. या वेळी तिनं कोणाचं नाव मध्ये घातलं नाही. एक बाई म्हणाली, अरे बापरे, बिचारी. दुसरीनं थोडा वेळ जाऊ देऊन विचारलं, की त्या धर्मेंद्रचा नंबर असेल का, तिच्या भाचीला हवं आहे, मोठी मादी असेल तर बघा म्हणावं. जाताना दारात चपला घालता घालता रुचिका हळूच म्हणाली, “भाभी, मेरेवाले की माँ को तो मैंने देखा ही नहीं. उन लोगों ने पिल्ला गाड़ी में लाकर दिया था.” ती आणखी काही बोलेल असं अलकाला वाटलं. पण ती गेली.

धर्मेंद्रनं मात्र पिल्लाचा फोटो आपल्या स्टेटसवर लावला होता, डोळे निळे असतानाचा. तो रत्नपालनंच कधीतरी पाठवला होता. खाली लिहिलं होतं, आता गोंदियात उपलब्ध. अलकानं फोन करून तो काढायला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ताई, पहिल्या वेळी होतं असं, आणि तुमची तर मादी वाचली ना. तुम्हीच मागितलं होतं, मी कुठं तुमच्या दारात आलो होतो? फोटो त्यानं काढला. नंतर दुसऱ्या पिल्लांचे लावले. ती कोणाची होती, कोण जाणे. रत्नपालनं त्याच्याकडं जाणं बंद केलं, एवढंच झालं.

पावसाळ्यात अलका पिंकीला घेऊन गोंदियाला गेली. मध्ये फोनवर बोलणं व्हायचं, पण रुक्माबाई विचारलं तेवढंच सांगायच्या. चिंगी बरी होती. टाक्यांच्या जागी केस पुन्हा आले होते. पण कोणी उचलायला गेलं की अंग चोरायची आणि रत्नपाल घरात असला की बाजेखाली जाऊन बसायची. पिंकीनं तिला हाक मारली, ती आली नाही.

अलकाच्या अंगावरून पाणी निथळत होतं. ती नेहमीसारखी सरळ स्वयंपाकघराकडं वळली. या घरात आल्या आल्या चहा तीच टाकायची, आईला बसवून. रुक्माबाई उठल्या आणि दारात आडव्या आल्या. रागानं नाही.

“तू बस,” त्या म्हणाल्या. “मी आनतो.”

त्यांनी आतून खुर्ची आणून ठेवली. थोड्या वेळानं चहा आला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या फुलाफुलांच्या कपात, खाली बशी, बाजूला दोन बिस्किटं. पिंकीला दूध. रुक्माबाई समोर बाजेवर बसल्या आणि जावई कसे आहेत, शाळा कधी सुरू झाली, असं विचारू लागल्या. अलका एकेका प्रश्नाचं उत्तर देत होती. चहात साखर जास्त होती. आई पाहुण्यांना तसाच द्यायची. तिनं तो सगळा प्यायला आणि कप बशीत ठेवला. उठून तो आत धुवायला न्यावा की तिथंच ठेवावा, हे तिला कळेना.